ताप उतरला त्या सकाळी

…तर तो वजनमापांचा साहेब म्हणाला, "बाई, तुमच्या काट्यात फरक आहे."

काल गोष्ट इथवरच आली होती. तर आत्यानं हातातला झाडू भिंतीला टेकवला, साहेबाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुमचं वजन किती हो?"

साहेब गडबडला. म्हणाला, "एकाहत्तर."

"कधी केलं होतं?"

"गेल्याच आठवड्यात. दवाखान्यात."

"मग चढा."

आणि साहेब चढला! हातात फाईल, पायात बूट, तसाच पोत्यांच्या काट्यावर जाऊन उभा राहिला. काटा थरथरत थरथरत बहात्तरवर थांबला. आत्या म्हणाली, "एक किलो तुमच्या बुटांचा आणि फायलीचा. काय उतरवता, बूट की फाईल?" डबे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायका अशा हसल्या, की एकीच्या डब्यातले गहू सांडले. साहेबानं मुकाट्यानं शिक्का मारला आणि जाताना, "येतो आत्या," म्हणून गेला.

तोही आत्याच म्हणाला, हे लक्षात घ्या. खरं तर ती आत्या फक्त दोन पोरांची, तिच्या धाकट्या भावाच्या. पण त्यांचं ऐकून शेजारची पोरं म्हणायला लागली, मग त्या पोरांच्या आया, मग पोस्टमन, आणि आता सरकारही. बावन्न वर्षांची, अंगानं काटक, केस कधी पिकले ते तिलाही ठाऊक नाही, कारण पिठानं ते आधीपासूनच पांढरे. गल्लीच्या तोंडाशी तिची पिठाची गिरणी. एकच खोली, वर पत्रे, मधोमध दगडांची जोडी, एका कोपऱ्यात मोटर आणि मोटरीपासून दगडाच्या चाकापर्यंत वीतभर रुंद पट्टा. भिंती पांढऱ्या, पंखा पांढरा, कोळ्याची जाळीसुद्धा पांढरी. कॅलेंडरवरची तारीख रोज फुंकर मारून वाचावी लागे.

त्या गिरणीत दोनच कायदे होते. पहिला रांगेचा. डबा ज्या क्रमानं आला त्याच क्रमानं दळला जाणार. एकदा शाळेच्या मोठ्या बाईंनी, "मला जरा घाई आहे," म्हणून आपला डबा पुढं सरकवला. आत्यानं तो उचलून सगळ्यात मागं नेऊन ठेवला आणि म्हणाली, "बाई, तुमच्या शाळेत पोरानं असं केलं तर त्याला कुठं उभं करता?" मोठ्या बाई तासभर उभ्या राहिल्या. दुसरा कायदा हाताचा. दगडाखालून पीठ ज्या कापडी नळीतून पडतं, तिच्याखाली आत्या दर पाच मिनिटांनी हात धरायची, तोही तळवा नाही, पालथा हात. तळव्याला घट्टे पडलेले असतात, तो खोटं बोलतो, असं तिचं म्हणणं. पालथ्या हाताला पीठ चटका देतंय म्हणजे दगड फार आवळलेत, पीठ जळतंय. कोमट आहे म्हणजे सगळं ठीक. आणि एकाएकी थंड पडलं, तर तिकडं धावायचं, कारण पट्टा घसरलेला असतो. पट्टा घसरला की मोटर मोकळी सुटते. आवाज बारीक होतो, वेग वाढतो, ऐकणाऱ्याला वाटतं, वा, गिरणी काय जोरात चाललीय! आणि दगड तर जागच्या जागी गारठत असतो. नव्या माणसाला हे कळायला वर्ष जातं. आत्याला ते झोपेतही कळायचं.

घरात माणसं मोजून. मागच्या दोन खोल्यांत धाकटा, त्याची बायको आणि पोरं. आत्या गिरणीच्या माळ्यावर. आणि दारातल्या खुर्चीत काका, वडिलांचे धाकटे भाऊ, वय शहात्तर. काकांना गिरणीत काम नव्हतं, मत होतं. पट्ट्याबद्दल मत, गव्हाबद्दल मत, पंतप्रधानांबद्दल मत. खुर्ची बरोबर उंबऱ्यावर ठेवायचे, म्हणजे मत ऐकल्याशिवाय कुणी आतही जाऊ नये आणि बाहेरही.

आता धाकट्याची ओळख. वय चव्वेचाळीस, खांदे दाराएवढे, दोन पोती दोन बगलांत मारून चालणारा गडी. पण सुई दिसली की त्याचं कोकरू व्हायचं. लहानपणी शाळेत टोचणारे आले तेव्हा हा मागच्या खिडकीतून उडी मारून पळाला आणि संध्याकाळी माळ्यावर गव्हाच्या कोठीत सापडला. गिरणीतलं सगळ्यात अवघड काम मात्र त्याचंच. दगड गुळगुळीत झाले की पीठ भरडं पडतं, म्हणून एक सोमवार सोडून एक गिरणी बंद ठेवून, वरचा दगड उतरवून, त्याला छिन्नीनं पुन्हा खडबडीत करायचं. याला टाकी लावणं म्हणतात. कपच्या उडतात, हाताला लागतात, रक्त येतं. आणि रक्त आलं की या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच औषध. दगडाशेजारच्या कोनाड्यात पत्र्याची डबी. तिच्यात सगळ्यात बारीक दळलेलं पीठ. चिमूटभर घ्यायचं, जखमेत ठासायचं, वर फडकं. पीठ रक्त पितं, घट्ट बसतं, जखम दिसेनाशी होते. "अन्न आहे ते," काका म्हणायचे, "अन्न कधी विष होतं का?"

आत्याला ती डबी डोळ्यासमोर नको असायची. त्याचं कारण अडतीस वर्षांपूर्वीचं.

ती चौदा वर्षांची होती, धाकटा सहाचा. वडिलांच्या अंगठ्याला कपची लागली. काकांनी डबी आणली, पीठ दाबलं. तिसऱ्या दिवशी ताप भरला, पाचव्या सकाळी उतरला. घरात सगळ्यांचे चेहरे उजळले, चहा झाला. आजी म्हणाली, "पोरी, बापाचे पाय दाब जरा." तिनं पाय हातात घेतले आणि दचकली. पाय नळाच्या पाण्यासारखे गार, गुडघ्यांवर जांभळे नकाशे. ती म्हणाली, "बाबांचे पाय थंड लागतात." मोठी माणसं म्हणाली, "ताप उतरल्यावर थंडच लागणार, वेडाबाई." श्वास तर असा चाललेला, जसा कुणी पाठीमागं लागलंय. दुपारचं दळण संपायच्या आत वडील गेले. "वेळ आली होती," सगळे म्हणाले, आणि काका सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले. पोरीनं ते वाक्य ऐकून घेतलं, पण गिळलं नाही. अडतीस वर्षं ते तिच्या घशात अडकून होतं.

असो. तर त्या सोमवारी आत्या पट्ट्याच्या क्लिपा आणायला बाजारात गेली होती. परत आली तर धाकट्याचा उजवा हात पाठीमागं.

"काय झालं?"

"काही नाही गं ताई. कपची लागली, अंगठ्याखाली."

"धुतलंस?"

"धुतलं की."

"साबणानं?"

"साबणानं."

काका खुर्चीत बसल्या बसल्या छताकडं बघत होते. छताकडं बघणारे काका म्हणजे काहीतरी लपवणारे काका, हे आत्याला कळायला हवं होतं. पण पट्टा जोडायचा होता, आणि धाकटा तिच्याशी सहसा खोटं बोलत नसे. सुईचा प्रश्न असला तर मात्र तो साक्षात परमेश्वराशीही खोटं बोलला असता.

बुधवारी ताप भरला, सणसणून. भावजयीनं त्याला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं पाठवला. धाकट्यानं काय करावं? उजवा हात खिशात घातला आणि डावा पुढं केला. डॉक्टरांनी नाडी बघितली, घसा बघितला, साथीचा ताप आहे म्हणाले, गोळ्या दिल्या आणि बजावलं, "उद्या बरं नाही वाटलं तर लगेच या." खिशात हात घालून तपासून घेणारा जगातला तो पहिलाच रोगी असेल. त्या बिचाऱ्या डॉक्टरांना खिशातलं कसं दिसणार?

गुरुवारी सकाळी आठला आत्या गिरणीवर. पाववाला आपली व्हॅन दाराशी लावून पोती मोजत होता. बेकरीचं पीठ इथूनच जायचं. इतक्यात मागच्या दारातून भावजय कपासकट धावत आली.

"वन्सं, उतरला! ताप उतरला त्यांचा! अंग अगदी गार लागतंय!"

"सांगितलं नव्हतं?" काका खुर्चीतून गरजले. "घामावाटे गेला सगळा."

आत्याचा पालथा हात तेव्हा पिठाच्या नळीखाली होता. पीठ कोमट होतं. तोच हात झाडत ती मागं गेली. तीही हसतच गेली बरं का, का नाही हसणार? पण खोलीच्या दारात तिचा पाय अडला. आतून श्वासाचा आवाज आला. उथळ, बारीक, पळता. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. मोटर मोकळी सुटली होती.

तिनं पालथा हात कपाळाला लावला. थंड, आणि ओला. पायांना लावला. त्याहून थंड. चादर वर केली, तर गुडघ्यांवर जांभळट नकाशे.

ती रडली नाही, ओरडली नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि सेकंदकाटा एक फेरा घेईतो धाकट्याचे श्वास मोजले. तेहतीस. मग स्वतःचे मोजले. अठरा, आणि तेही भेदरलेल्या बाईचे.

"लघवीला कधी गेला होता?"

"काल रात्री… नाही, दुपारी," भावजय म्हणाली. "पाणीच कुठं पितात."

"धाकट्या, अरे कोण आहे मी?"

धाकट्यानं डोळे अर्धे उघडले. "ताई," तो म्हणाला, आणि आत्याचा जीव जरा भांड्यात पडतोय तोच पुढं म्हणाला, "बाबांना सांग, पट्टा मी चढवतो. त्यांचा अंगठा दुखतोय."

आत्यानं फडक्यात गुंडाळलेला हात उचलला. कोपरापर्यंत सुजलेला, आणि आतल्या बाजूनं एक लाल रेघ दंडाकडं चढत गेलेली. "यात पीठ आहे?"

भावजयीनं मान खाली घातली. "काका म्हणाले, वन्संना सांगू नकोस."

त्याच मिनिटाला आत्यानं रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, गाडी लांब आहे, अर्धा तास तरी लागेल. आत्या म्हणाली, "अर्धा तास कुणाकडं आहे?" आणि बाहेर येऊन पाववाल्याला म्हणाली, "ट्रे उतरव."

"आत्या, सकाळचे पाव आहेत, दुकानं वाट बघतायत…"

"दुकानं उद्याही वाट बघतील. ट्रे उतरव म्हणते ना!"

पाववाल्यानं एकदा तिच्या तोंडाकडं बघितलं आणि ट्रे उतरवायला लागला. राहता राहिले काका. ते उंबऱ्यावर, खुर्ची रोवून.

"रात्रभर तळमळून आत्ता डोळा लागलाय पोराचा. हलवू नकोस त्याला."

"काका, हा झोपलेला नाही."

"अगं, ताप गेलाय!"

"ताप गेला नाही. ताप आणायची ताकद गेलीय त्याच्यातली. सरका."

"बाप गेला तेव्हा चौदाची होतीस. तुला काय कळत होतं?"

"तेव्हाच कळलं होतं," आत्या म्हणाली. "तेव्हा नुसती बोलले, जागची हलले नाही. आज उलटं करणार आहे."

आणि तिनं काकांना खुर्चीसकट उचललं. पन्नास किलोचं पोतं रोज उचलणारी बाई ती. काका फाईल आणि बूट धरूनही पंचेचाळीसच्या वर भरले नसते. उचललं, भिंतीशी ठेवलं, वर त्यांची शालही नीट केली. डबेवाल्या बायकांपैकी चौघींनी धाकट्याला चादरीतून व्हॅनमध्ये घातला. गिरणीच्या इतिहासात काकांचं मत न ऐकता कुणी बाहेर पडलं, ती वेळ पहिलीच.

व्हॅनमध्ये पावांचा गरम वास भरलेला आणि मधे हा थंड माणूस. आत्यानं त्याचे पाय मांडीवर घेतले आणि भावजयीला कामाला लावलं. "रडायचं नंतर. आता सांग. लागलं कधी? सोमवारी किती वाजता? ताप कधी भरला? गोळी कधी दिली, कुठली? दाखव पाकीट. लघवी कधी? बरळायला कधी लागला? पुन्हा सांग. तिथं विचारतील तेव्हा अडखळायचं नाही."

मोठ्या रुग्णालयात खिडकी होती आणि खिडकीपुढं रांग. धाकट्याला दारातल्या चाकाच्या खुर्चीत बसवून आत्या एका कण्हणाऱ्या म्हाताऱ्याच्या मागं उभी राहिली. नंबर आला. खिडकीतला माणूस समोरच्या कागदावरून वाचायचा आणि खुणा करायचा.

"ताप?"

"काल होता. आता अंग गार पडलंय, म्हणूनच तर…"

"म्हणजे आत्ता नाही. रक्त वाहतंय?"

"नाही."

"छातीत दुखतंय?"

"नाही, पण श्वास बघा त्याचा."

"सगळ्यांना श्वास असतो बाई. हा एकसष्ट नंबर. तिकडं बसा." भिंतीवरच्या पाटीवर अडतीस आकडा लागला होता.

आणि इथं एक गंमत झाली. गंमत कसली, नवलच. ही वजनमापांच्या साहेबाला काट्यावर चढवणारी बाई गेली आणि बसली! चिठ्ठी हातात धरून बाकावर बसली. कारण रांग म्हणजे रांग. आयुष्यभर तिनं कुणाचा डबा पुढं जाऊ दिला नव्हता. समोर तिच्यासारखीच माणसं बसलेली, कुणाचा हात मोडलेला, कुणाचं पोर किरकिरतंय. त्यांच्या पुढं जायचं कोणत्या तोंडानं? पाटीवर एकोणचाळीस झालं. चाकाच्या खुर्चीत धाकट्याची मान एका बाजूला कलली. आत्यानं पालथा हात त्याच्या गालाला लावला. व्हॅनमध्ये होता त्याहून थंड.

एकोणचाळीस, एकसष्ट. चौदाव्या वर्षी आपण बापाच्या पायाशी अशाच बसलो होतो, मोठी माणसं सांगतील तसं, हे तिला आठवलं. तिनं चिठ्ठी भावजयीच्या हातात कोंबली, खुर्चीच्या दांड्या पकडल्या आणि 'कर्मचाऱ्यांशिवाय प्रवेश नाही' लिहिलेल्या दारावर चाकाच्या खुर्चीनंच धडक दिली.

रखवालदार धावला. "ओ बाई! कुठं?"

"आत."

"रांग आहे ना!"

"रांग मला शिकवू नकोस. रांग मीच लावते."

आरडाओरडा ऐकून आतून एक सिस्टर आली. ठेंगणी, चष्मा साखळीला लटकवलेला, तीस वर्षांच्या नोकरीत असल्या बाया रोज बघितलेली. ती तोंड उघडणार तोच आत्यानं तिचं मनगट धरलं आणि तिचा हात उलटा करून धाकट्याच्या पावलावर टेकवला.

"अहो, हात सोडा माझा!"

"सोडते. आधी सांगा, हाताला काय लागलं? आता इथं." आत्यानं तोच हात त्याच्या छातीवर नेला. "वर बघा कशी धडधड चाललीय. मोटर पळतेय आणि दगड थंड आहे, सिस्टर. पट्टा घसरलाय याचा. तासाभरात हा माणूस बंद पडेल. माझा बाप असाच बंद पडला होता."

सिस्टरनं मनगट सोडवून घेतलं नाही. मग तिनं दुसऱ्या हातानं धाकट्याच्या बोटाचं नख दाबलं आणि सोडलं. नख पांढरं झालं ते झालंच. लाली परत यायला पाच सेकंद गेले. सिस्टरनं चष्मा नाकावर चढवला, वळली आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशी ओरडली, "सेप्सिस दिसतोय! आत घ्या, लगेच! डॉक्टरांना बोलवा!"

आत्यानं तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. अडतीस वर्षं ज्याला ती नुसत्या चेहऱ्यानं ओळखत होती, त्या दरोडेखोराला नाव होतं तर!

मग जी पळापळ झाली, ती बघून कुणालाही वाटावं की ही माणसं याच रोग्याची वाट बघत बसली होती. रक्तदाब मोजला, वरचा आकडा ऐंशीच्याही खाली. नाकाला ऑक्सिजन. दोन्ही दंडांत सुया. रक्त काढून बाटल्यांत भरलं, कुठला जंतू आहे ते शोधायला, आणि जंतू सापडायची वाट न बघता लगोलग शिरेतून प्रतिजैविक सुरू केलं, शेजारी सलाईन. लघवीची नळी घालून तिला पिशवी लावली, थेंबाथेंबाचा हिशेब ठेवायला. सात वेळा टोचलं त्याला, आणि धाकटा हूं की चूं बोलला नाही. पाणी किती डोक्यावरून गेलंय, ते आत्याला यंत्रांवरून नाही, त्यावरून कळलं.

एक तरुण डॉक्टरीण हाताचं फडकं सोडता सोडता म्हणाली, "जखमेला काही लावलं होतं का?"

"काही नाही हो," भावजय घाईघाईनं म्हणाली. घराची अब्रू!

"पीठ लावलंय," आत्या म्हणाली. "सोमवारी दुपारी, ठासून. न धुता. आमच्याकडं बापजाद्यांपासून लावतात, आणि माझा बाप त्यानंच गेला. लिहून घ्या."

डॉक्टरीण लिहून घेत म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मूळ तिथंच असणार." दुपारी शस्त्रक्रियेत जखम उघडली. वर पिठाचं वाळलेलं टणक बूच आणि बुचाखाली पू, आणि पुवात एक गव्हाएवढी दगडाची कपची. पिठानं जखम बरी केली नव्हती, नुसतं दार लावून घेतलं होतं, चोर आत ठेवून.

संध्याकाळी डॉक्टरीण बाकाशी येऊन बसली. म्हणाली, "मावशी, जखमेतले जंतू रक्तात पसरले की शरीर त्यांच्याशी लढतं. पण कधी कधी लढता लढता ते स्वतःवरच उलटतं. मग रक्तदाब पडतो, लघवी थांबते, माणूस बरळतो. ताप असेलच असं नाही, अंग गारही पडतं. यात एकेक तास मोलाचा. तुम्ही कुठं शिकलात हे?"

"पिठाच्या नळीखाली," आत्या म्हणाली. "वाचेल का ते सांगा."

"अजून सांगता येत नाही."

"मग मी इथंच आहे."

पाच दिवस ती त्याच बाकावर होती. गिरणी डबेवाल्या बायकांनी चालवली, रांग न मोडता. पहिले दोन दिवस पिशवीत लघवी चमचाभर. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सिस्टरला विचारायची, "किती झाली?" तिसऱ्या दिवशी सकाळी ती साखळीच्या चष्म्याची सिस्टर लांबूनच बोटं नाचवत आली, "आत्या, तीनशे!" हो, तीही आत्याच म्हणायला लागली होती. भावाच्या लघवीच्या बातमीवर कुणी असं आनंदानं रडलेलं त्या रुग्णालयानं बघितलं नसेल. पाचव्या दिवशी धाकट्यानं डोळे उघडले, हातातल्या सुयांकडं बघितलं आणि म्हणाला, "ताई, हे काढायला सांग ना." तेव्हा आत्याची खात्री पटली, की आपला माणूस परत आला.

पुरता नाही आला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं, ती दोन्ही काढावी लागली. दोन महिने चालतानाही धाप लागायची. पण आला. आणि त्या खिडकीतल्या माणसाच्या कागदाखाली सिस्टरनं स्वतःच्या हातानं चार ओळी लिहून चिकटवल्या: श्वास जोरात? हातपाय थंड? बरळतोय? लघवी कमी? यातलं काहीही असेल तर ताप नसला तरी आधी आत.

धाकट्याला घरी आणल्यावर आत्यानं पहिलं काम केलं ते कोनाड्याचं. पत्र्याची डबी काढली आणि काकांच्या डोळ्यांदेखत गटारात उपडी केली. कोनाड्याजागी नळ घेतला, साबण ठेवला. काका बघत राहिले. आठ दिवस त्यांनी कुठलंच मत दिलं नाही, हवामानाबद्दलसुद्धा. आत्यानंही त्यांना टोचलं नाही. तिला दिसत होतं, म्हातारा आतून कुठं दुखतोय ते. अडतीस वर्षांपूर्वी भावाच्या अंगठ्यात ते पीठ त्यांनीच दाबलं होतं. वेळ आली होती, एवढ्या एका वाक्याच्या आधारावर ते तेव्हापासून उभे होते. ते काढून घेतलं तर उभं कशावर राहायचं? म्हणून चहा ती आधी त्यांना द्यायची, खुर्चीही पुन्हा उंबऱ्यावर नेऊन ठेवली होती.

पण नवव्या दिवशी भर रांगेसमोर काकांना राहवलं नाही. धाकटा बसल्याजागी आठ बोटांनी पोत्याला गाठ मारत होता. डबे रांगेत होते, साखळीच्या चष्म्याची सिस्टरही तिसऱ्या नंबरला आपला डबा घेऊन उभी होती. काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एवढं काही नाही हो. याची वेळ आली नव्हती, म्हणून वाचला. हिनं उगाच माझी खुर्ची उचलली."

आत्यानं नळीखालचा पालथा हात काढला नाही, मानही वळवली नाही. म्हणाली,

"वेळ आली होती, काका. त्या खिडकीपुढं आमच्याबरोबरच रांगेत उभी होती, हातात नंबर घेऊन. बाबांच्या वेळी आपण तिला पुढं जाऊ दिलं. या खेपेला रांग मी मोडली. ती बसली असेल अजून तिथंच, बसू दे."